पहिल्या पसंतीचं कॉलेज

वाटूर फाट्यावर माझं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, पोलिसभरती, रेशनकार्डातलं चुकलेलं नाव, काहीही आणा, मी भरून देतो. लोक मला सर म्हणतात. मी आयुष्यात कुणाला काही शिकवलेलं नाही, पण चष्मा लावून कॉम्प्युटरसमोर बसणारा माणूस आपल्याकडं सरच असतो. सुरुवातीला कुणी सर म्हटलं की लाजल्यासारखं व्हायचं. पुढं पुढं कुणी भाऊ म्हणालं तर राग यायला लागला.

मी बी.ए. आहे. म्हणजे कागदावर आहे. आमच्या भागात माझ्यासारख्या कित्येकांनी कॉलेज केलं ते असं, की पावसाळ्याच्या तोंडावर ॲडमिशन घ्यायची आणि एकदम परीक्षेला जाऊन पेपर द्यायचे. मधल्या काळात आम्ही शेतात नाहीतर कुणाच्या तरी दुकानात. माझ्या वर्गात किती पोरं होती, फळा कोणत्या भिंतीला होता, मला आजही माहीत नाही. होस्टेल पाहिलं नाही, मेसच्या पातळ वरणाला नावं ठेवली नाहीत, कुणाकडं नोट्स मागितल्या नाहीत. या गोष्टीचं मला फार वाईट वाटायचं. पण पस्तिशीला आलेल्या, दोन लेकरांच्या बापानं असं काही बोललं तर लोक हसतात, म्हणून मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

जालन्यात कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक जण माझ्या ओळखीचा आहे. त्यानं एकदा दुकानातल्या कॉम्प्युटरवर एक गेम टाकून दिला. आयुष्य चालवायचा गेम. त्यात मारामारी नाही, शर्यत नाही, जिंकणं-हरणं नाही. माणूस बनवायचा, त्याला घर द्यायचं, वेळेवर खाऊ घालायचं, झोपवायचं, सकाळी कामाला धाडायचं. पंधरा दिवसांत मला त्याचा कंटाळा आला, कारण हे सगळं माझ्या घरी चालूच होतं. मग पुढच्या वेळी त्यानं त्या गेमचा एक वाढीव भाग टाकला. एक्स्पान्शन पॅक म्हणतात त्याला. बांधलेल्या घराला मागून एक खोली काढावी तसा हा प्रकार. ही मागची खोली म्हणजे अख्खं कॉलेज होतं.

मी येडाच झालो. त्यात माणसानं कॉलेजला अर्ज करायचा, मग काही दिवसांनी घरासमोरच्या पेटीत पत्र यायचं. सामान घेऊन होस्टेलला जायचं. खोलीत दोन खाटा, दोन टेबलं, पलीकडच्या खाटेवर अनोळखी पोरगं. लायब्ररी, हिरवळ, हिरवळीवर पालथी पडून वाचणारी पोरं. अभ्यास केला नाही तर नापास करून घरी पाठवायचे. फक्त एक होतं, वर्ग दिसायचा नाही. आपला माणूस दप्तर घेऊन इमारतीत शिरायचा, दार बंद व्हायचं, वर घड्याळ पळायचं आणि दोन तासांनी तो बाहेर यायचा. आत काय शिकवतात ते काही गेमनं दाखवलं नाही. म्हटलं, चला, इथं तरी माझ्या बरोबरीचा कुणी आहे.

सकाळी दुकानात गर्दी असायची. दुपारी दोननंतर फाटा ओस पडायचा, तेव्हा मी हा गेम लावून बसायचो.

अशाच एका दुपारी ती पोरगी आली. वाटूरपासून तीनेक किलोमीटरवर, माळाला, त्यांची वस्ती. वडील मेंढरं राखणारे. बारावी सायन्स केलेली, रोज एसटीनं परतूरला जाऊन. प्रवेश परीक्षेत मार्क चांगले पडलेले, आणि आता कृषी पदवीला अर्ज करण्यासाठी तिला नॉन-क्रिमिलेअरचा दाखला हवा होता. मी अर्ज उघडला तर सर्व्हर बंद. म्हटलं, बस. ती बसली. थोड्या वेळानं तिची नजर स्क्रीनवरच्या दुसऱ्या खिडकीकडं गेली, जिथं गेममधलं कॉलेज उघडं होतं.

"हे काय करून राह्यले, सर?"

"काही नाही, असंच."

"हे पोरगं कामून उभं आहे?"

"त्याला काय करायचं ते मी सांगायचं असतं."

"मंग सांगा ना. कवाचं वाट पाहून राह्यलं ते."

मला हसू आलं. सर्व्हर काही सुरू होईना, तेव्हा मी तिला म्हटलं, चल, आपण नवी पोरगी बनवू. चेहरा, केस, कपडे सगळं निवडता येतं. मी पहिली जी बनवली तिच्याकडं बघून ती म्हणाली, "एवढी गोरी कुठं असते सर, काळी करा." केली. दोन वेण्या हव्या होत्या, त्या सापडल्या. ओढणी काही त्या गेममध्ये नव्हती, तेव्हा तिनं लांब बाह्यांचा शर्ट पसंत केला. शेतीचा अभ्यासक्रमही नव्हता. जीवशास्त्र होतं, त्यावर तिनं समाधान मानलं.

मग तिचे प्रश्न सुरू झाले. होस्टेलात जेवायला किती वाजता देतात. ताप आला तर कोण बघतं. सकाळी उठवायला कुणी असतं का. बापाला भेटायला आत येऊ देतात का, की फाटकावरच उभं करतात. मी सगळ्याची ठणठणीत उत्तरं दिली, जसा काही दहा वर्षं होस्टेलात काढून आलोय. तीही सगळं खरं मानून ऐकत होती.

तिला सरकारी कृषी कॉलेज हवं होतं. एकच, परभणीच्या बाजूचं. मुलींचं होस्टेल कॉलेजच्या कुंपणाच्या आत असलेलं. कारण विचारलं तर तिनं जे सांगितलं ते माझ्या अजून ध्यानात आहे. त्यांच्या भागात तालुक्याहून एक कृषी खात्यातली बाई स्कूटीवर यायची. बांधावर उभी राहायची आणि म्हातारे म्हातारे गडी टोपी सावरत तिला विचारायचे, बाई, या पानाला काय झालं. "ती सांगते आणि ते ऐकतेत, सर," ती म्हणाली. "बिलकुल मधी बोलत न्हाईत."

फॉर्म भरायच्या दिवशी वडील बरोबर आले होते. उंच, वाळलेले, डोक्याला तांबडं पागोटं. ती त्यांना बापू म्हणायची, मी मामा म्हणायचो. ते बाकावर बसायला तयार नव्हते, दारातच उकिडवे बसले. मला म्हणाले, "सर, मी तिला म्हणलं, सरकारी लागलं तर शीक. होस्टेल आतमधी आहे म्हणते, तर माझी ना न्हाई. पण न्हाई लागलं तर मंग मी तरणी पोर घरात ठुवून मेंढरांमागं कसा जाऊ? स्थळं येऊन राह्यलीत." त्यांच्या बोलण्यात दरडावणी नव्हती. पोरीनंही मान हलवली. दोघांचं आधीच ठरलेलं दिसत होतं.

म्हणजे सगळं त्या एका कॉलेजवर होतं. पहिली पसंती म्हणून तेच टाकलं. टाकताना मी तिला नियम समजावून सांगितला, पहिल्या पसंतीचं मिळालं तर नाकारता येत नाही. दिलेल्या तीन दिवसांत जाऊन हजर व्हायचं. नाही झालं तर ती जागाही जाते आणि पुढच्या सगळ्या फेऱ्यांतून आपण बाद. तिनं विचारलं, "मिळाल्यावर कोण न्हाई जाणार, सर?"

मग फॉर्ममध्ये मोबाइल क्रमांकाची चौकट आली. त्यांच्या घरी एकच फोन, तो वडिलांकडं. आणि रानात पेरण्या झाल्या की मेंढरांना आमच्याकडं पाय ठेवायला जागा उरत नाही. वडील कळप घेऊन डोंगराकडं जायचे, तिथं रेंज नाही. मी म्हटलं, माझा टाकतो.

हे मी पहिल्यांदा केलं नव्हतं. फॉर्म भरणारा प्रत्येक जण हे करतो. कुणाकडं फोन नसतो, कुणाचा बंद पडलेला असतो, कुणाला स्वतःचा क्रमांक पाठ नसतो, आणि मागं रांग लागलेली असते. आपला क्रमांक टाकला की ओटीपीसुद्धा आपल्याच फोनवर येतो, काम जल्दी होतं. अशा रीतीनं पंचक्रोशीतल्या निम्म्या लोकांचे मेसेज माझ्या फोनवर यायचे. कुणाचा विमा मंजूर, कुणाचं गॅसचं अनुदान, कुणाची शिष्यवृत्ती परत गेलेली. मी ते वाचून लोकांना बातमी द्यायचो आणि लोक म्हणायचे, सरला सगळं माहीत असतं. मला ते ऐकायला फार आवडायचं.

"मेसेज आला की मी निरोप धाडतो," मी तिला म्हटलं. "तू उगं फेऱ्या मारू नको. खुरपणीचे दिवस आहेत, आईला मदत कर." हे मी वडिलांच्या देखत, जरा मोठ्यानं म्हटलं.

यादी सोमवारी लागणार होती. पण आम्हा फॉर्मवाल्यांचा एका गोष्टीवर देवापेक्षा जास्त विश्वास असतो, ती म्हणजे मुदतवाढ. तारीख जाहीर होते, मग ती पुढं जाते, मग आणखी एकदा पुढं जाते. इतक्या वर्षांत मी एवढ्या मुदतवाढी पाहिल्या होत्या की पहिली तारीख मी मनावरच घेत नसे. सोमवारी सकाळी मी वेबसाइट उघडलीसुद्धा नाही. म्हटलं, गुरुवार-शुक्रवारपर्यंत बघू.

आणि त्या आठवड्यात मी एका कामात गुंतलो होतो. गेममधल्या त्या काळ्या, दोन वेण्यांच्या पोरीचं शेवटचं सत्र चालू होतं.

आम्ही दोघांनी मिळून बनवलेली ती पोरगी मी पुसली नव्हती. खरी पोरगी घरी गेल्यावर मी तिला एकट्यानं पुढं चालवत राहिलो. तिला वेळेवर जेवू घातलं, लायब्ररीत बसवलं, खोलीतल्या दुसऱ्या पोरीशी भांडण झालं तेव्हा मिटवलं. पहिल्या वर्गात पास करायचीच, अशी मला ईर्षा लागली होती. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, चारही दुपारी मी तिचा अभ्यास घेत होतो. फोन सारखा थरथरायचा म्हणून मी तो मुका करून माऊसशेजारी पालथा घातला होता. सकाळच्या गर्दीत ओटीपीचा आकडा तेवढा वाचायचो. बाकीचे मेसेज बघायला वेळ कुठं होता मला, माझी पोरगी परीक्षेला बसली होती.

शुक्रवारी सकाळी मंठ्याकडचा एक विद्यार्थी आला. म्हणाला, "सर, माझं दुसऱ्या फेरीचं बघायचं आहे."

मी म्हटलं, "पहिलीच अजून कुठं झाली?"

"सोमवारीच लागली ना यादी. काल पाचला मुदत संपली."

"मुदतवाढ असेल."

"न्हाई सर. यंदा सगळं बराबर टायमावर चालू आहे."

मी फोन सरळ केला. बँकेच्या, रिचार्जच्या, विम्याच्या मेसेजांच्या गठ्ठ्यात सोमवारी सकाळचा एक मेसेज होता. त्यात नाव नव्हतं, नुसता अर्जाचा क्रमांक होता. मी वही काढून तो ताडून पाहिला. मग तिचं खातं उघडलं. पहिली पसंती. सरकारी कृषी कॉलेज. जागा मिळाली. आणि त्याखाली लाल ओळ, हजर होण्याची मुदत संपली आहे. त्या विद्यार्थ्याला मी काय सांगून घालवलं ते मला आठवत नाही.

ते पान मी कॉम्प्युटरमध्ये जपून ठेवलं, शटर ओढलं आणि गाडी काढून थेट त्या कॉलेजला गेलो. प्रवेशाच्या टेबलावर एक वयस्कर कारकून होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मला पाणी दिलं आणि विचारलं, "तुम्ही मुलीचे कोण?"

मी म्हटलं, "मी फॉर्म भरणारा."

ते म्हणाले, काल पाचला सिस्टीम बंद झाली, आता ती जागा दुसऱ्या फेरीत गेली, आमच्या हातात काही नसतं. मग जरा थांबून म्हणाले, "मुलगी काल दुपारी नुसती येऊन उभी राहिली असती ना, तरी मी करून घेतलं असतं." ते सांगत होते ते समजूत काढण्यासाठीच, पण त्यांनी ते सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

बाहेर आलो तर समोरच मुलींचं होस्टेल. खरंच कुंपणाच्या आत होतं. गॅलरीत दोरीवर ओढण्या वाळत होत्या आणि एक मुलगी बादली घेऊन कुणाला तरी हाका मारत होती. मी गाडीवर बसून रडलो. पण खरं लिहायचं तर रडू थांबल्यावर पहिली आठवण तिच्या दुःखाची आली नाही. मला भीती वाटली ती माझ्या नावाची. आता फाट्यावर लोक काय म्हणतील, माझ्या दुकानात कोण येईल, हा विचार मी वाटूर येईपर्यंत करत होतो. याची मला लाज वाटते आणि ती कमी झालेली नाही.

शनिवारी ती आलीच. निरोप नव्हता, तरी राहवलं नाही म्हणून आली होती. हाताला खुरपणीचा हिरवा डाग होता. मी तिच्याकडं न बघता म्हणालो, "नाही लागलं, माय."

ती दारातच थांबली. "कितीनं गेलं, सर?"

या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती. तोंडाला आलं ते बोललो, "अर्ध्या पॉइंटनं."

ती नखानं तो डाग खरवडू लागली. मग म्हणाली, "फिजिक्सचे दोन प्रश्न होते, सर. मी त्यांच्यावरच लय वेळ घालत बसले. मागचे सोपे राहून गेले. तवाच वाटलं होतं मला." तिनं विचारलं, पुढच्या फेरीत काही होईल का. मी म्हणालो, बघू. त्या फेरीत तिचं नाव नव्हतं आणि कुठल्याच फेरीत असणार नव्हतं, हे मला माहीत होतं. ती यादी बघायची तर तिला पुन्हा माझ्याच दुकानात यावं लागणार होतं.

ती गेल्यावर मी तो गेम उघडला. दोन वेण्यांची पोरगी काळा झगा आणि चौकोनी टोपी घालून उभी होती, पास झाली होती, पहिल्या वर्गात. मी तिला पुसून टाकलं. मग तो वाढीव भाग काढला, मग अख्खा गेम काढला. त्यानं काही फरक पडला नाही.

दिवाळीच्या सुमाराला मामा डोंगराकडून परत आले आणि दुकानात आले. काखेत नवी काळी घोंगडी होती, घरच्या लोकरीची. म्हणाले, "सर, लेकराचं न्हाई जमलं, पण तुम्ही लय केलं तिच्यासाठी. तिची माय सांगत होती, गाडी काढून कॉलेजला गेल्ते म्हणे तुम्ही." कुणीतरी मला त्या रस्त्यावर पाहिलं असणार. मी घोंगडी घेतली. नको म्हणायला कारण सांगावं लागलं असतं. ती अजून आमच्या घरात आहे, माझी लेकरं पांघरतात. बायकोनं एकदा विचारलं, तुम्हाला का नको ती, तर मी म्हणालो टोचते.

त्या हंगामातच पोरीचं लग्न झालं, तीर्थपुरीजवळच्या गावात. पत्रिका आली होती. मी विम्याच्या गर्दीचं निमित्त सांगून गेलो नाही.

दीड वर्षानं ती दुकानात आली. नवरा पुढं गाडीचं पंक्चर काढायला थांबला होता. तिला आधारकार्डावर लग्नानंतरचं नाव करून घ्यायचं होतं. तिच्या गावाजवळही दुकानं आहेत, पण माहेरी आली होती तेव्हा म्हणाली, सरकडंच करू. ती जरा भरली होती, आवाज मोठा झाला होता. मोबाइल क्रमांक विचारला तर तिनं पिशवीतून स्वतःचा फोन काढला आणि क्रमांक घडाघडा म्हणून दाखवला.

मी भरत होतो आणि ती बोलत होती. सासू चांगली आहे. बी.ए.ला नाव घातलंय, पेपरापुरतं जायचं. नणंद बारावीला आहे, हुशार आहे. "तिला मी रोज सांगत असते, सर," ती म्हणाली, "एका प्रश्नावर अडून बसू नको. मी अडून बसले आणि अर्ध्या पॉइंटनं गेलं माझं. सगळ्या घराला पाठ झालं ते. सासरेबी म्हणतेत, वहिनीसारखं करू नको."

मी कीबोर्डवरचे हात काढले. मला वाटलं होतं, माझं खोटं त्या शनिवारी दुकानात संपलं. ते तर तीर्थपुरीला जाऊन एका घरात रोज बोललं जात होतं, आणि ती त्यात रोज स्वतःला चूक ठरवत होती. मला ते सहन झालं नाही. मी म्हणालो, "तुझं गेलं नव्हतं."

"काय?"

मग मी सगळं सांगितलं. सोमवारचा मेसेज, पालथा फोन, मुदतवाढीची खात्री. गेमचंही सांगितलं. आपण बनवलेल्या पोरीचा मी अभ्यास घेत बसलो होतो, हे वाक्य तोंडातून बाहेर यायला वेळ लागला, पण तेही बोललो. अर्धा पॉइंट मी तोंडातून काढला होता, हे सर्वांत शेवटी सांगितलं.

ती टेबलाच्या कडेकडं बघत होती. मी शिव्यांची वाट बघत होतो. खरं म्हणजे मला त्या हव्या होत्या.

"किती दिवस होते?" तिनं विचारलं.

"सोमवार धरून चार. नियमानं तीन."

"मी त्या चारी दिवशी तुमच्या मागच्याच वावरात रोजानं खुरपून राह्यलते." तिनं हात करून दुकानाच्या मागची बाजू दाखवली. "इथून आवाज दिला असता तरी आला असता."

मी म्हणालो, "चुकलो मी, माय. फार मोठं चुकलो."

मग तिच्या चेहऱ्यात काहीतरी बदललं. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि हळूच म्हणाली, "मंग मला लागल्तं."

"हो."

"पहिलंच लागल्तं?"

"पहिल्या यादीत."

"मला लागल्तं," ती पुन्हा म्हणाली, आणि हसली. ते हसू बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिव्या घालणं मला सोसलं असतं. तिनं विचारलं, त्याचा काही कागद आहे का. मी जपून ठेवलेलं ते पान उघडलं. तिनं खुर्ची पुढं ओढली आणि स्क्रीनवर बोट ठेवून ओळ न ओळ वाचली. तिचं माहेरचं नाव, मधे बापाचं नाव, कॉलेजचं नाव, मिळालेली जागा. लाल ओळीवरून बोट तसंच पुढं गेलं.

"याची प्रिंट द्या, सर."

"आता त्याचा काही उपयोग नाही."

"मला म्हाईत आहे. बापूला दाखवायची. ते कुणाला सांगत न्हाईत, पण त्यांना वाटते मी कमी पडले."

मी प्रिंट काढली. पहिला कागद तिरका गेला, दुसरा चांगला आला. तिनं तो हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिला आणि परत माझ्याकडं दिला. "लॅमिनेशन करून द्या," ती म्हणाली. "बापू पागोट्यात ठेवतेत सगळे कागद, घामानं खराब होते."

मी मशीन तापायला लावलं. बाहेर तिचा नवरा गाडी घेऊन आला होता, त्यानं हॉर्न वाजवला. तिनं हातानंच थांब म्हणून सांगितलं. कागद प्लॅस्टिकमध्ये घालून मी मशीनमधून हळूहळू ओढून घेतला. ती शेजारी उभी राहून बघत होती.

"पाण्यानं काही होत न्हाई ना याला?"

"नाही होत."

"किती वर्षं टिकते?"

दुकानात येणारा प्रत्येक जण हेच विचारतो, आणि मी सगळ्यांना एकच उत्तर देतो. तिलाही तेच दिलं. म्हणालो, आयुष्यभर टिकतं.